पळी

तो डोक्यावरच येतो.
म्हणून बाहेर पडताना हात वर धरायचा,
हातात काहीतरी उभं : काठी, फावडं, झाडू.
जे सगळ्यात उंच, त्यालाच तो टोचतो,
हे तिथे पोचल्याच्या पहिल्याच दिवशी शिकवतात.
मी आचारी. माझ्या हातात पळी होती,
चाळीस माणसांच्या डाळीची, लांब दांड्याची.

स्कुआ त्याचं नाव.
घारीएवढा, पण घारीचा डौल नाही.
मातकट, जाड मानेचा, पाय बदकाचे,
चोच मात्र गळासारखी वाकडी.
पंख उघडले की पांढरा पट्टा,
मळक्या सदऱ्यातून दिसणारा गंजीफ्रॉक जसा.
दुसऱ्याची अंडी, मेलेलं सील,
पिल्लाबरोबर बर्फावर पडलेली वार,
काहीच त्याला वर्ज्य नाही.
फक्त आमचं खरकटं त्याला मिळत नसे.
तसा कायदा होता.
थापलियालसाहेब शिताशिताचा हिशेब ठेवत.
कांद्याची सालं, चहाचा चोथा, करपलेली पोळी,
सगळं पिंपांत भरून, झाकणं ठोकून,
जहाजाने परत.
तो पिंपावर बसून राही. सावकारासारखा नाही,
सावकाराच्या दारातल्या कुळासारखाही नाही.
नुसता बसून राही.

खारीवाड्यात मासळी कापताना
आई मागे वळून बघत नसे
आतडी कुठे पडली ते.

जानेवारीत सगुणचा फोन आला,
उपग्रहावरून, ज्यात आपलाच आवाज
आपल्याला दोनदा ऐकू येतो.
गेली. गेली.
तू येऊ नकोस, म्हणाला,
जणू मी येऊ शकलो असतो.

दहा दिवस मोजायचे कसे?
सूर्य मावळतच नव्हता,
क्षितिजाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत होता.
मी डाळीची पातेली मोजली.

दहाव्या पातेल्यानंतर मूठभर भात उचलला.
बासमती.
जन्मभर उकड्या तांदळाची पेज प्यालेल्या बाईला.
तीळ होते, संक्रांतीच्या लाडवांतून उरलेले.
गोळा हातमोज्यात लपवला,
पिंपांच्या मागे, खडकावर ठेवला,
आणि दक्षिण कुठली ते शोधू लागलो.
तिथे सगळ्या दिशा जवळजवळ उत्तरच असतात.

तेवढ्यात तो आला.
आमचा कावळा आढेवेढे घेतो,
गेलेल्याच्या मनातलं कुणीतरी कबूल केल्याशिवाय
भाताकडे बघत नाही.
याने काही विचारलं नाही.
एका घासात गोळा संपवला,
मग रिकाम्या मोज्याकडे पाहिलं,
मग माझ्या डोक्यात एक सणसणीत ठेवून दिली,
पंखाची की पायाची, कळलं नाही.
पळी वर धरायची राहूनच गेली होती.
आईचा हातही जडच होता.

सगुण पुढच्या फोनवर म्हणाला,
बायण्याला संध्याकाळपर्यंत कावळा शिवला नाही.
शेवटी भटजींनी दर्भाचा केला.
तुझ्यासाठी अडली असेल.
मी गप्प राहिलो. लाइनवर माझा श्वास
मलाच परत ऐकू आला.
कायदा तो कायदा.

यंदा भाद्रपदात बायण्याच्या वाळूत
पोरं एका पक्ष्याला खडे मारत होती.
कुणी म्हणे गरुड, कुणी म्हणे कुणाचं तरी बदक.
त्याने पंख झटकले, पट्टा दिसला,
आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला.
हातात छत्री होती.
सॅव्हियो म्हणाला, अंकल, खंयचो हो?
इतक्या लांबचा पत्ता
कोकणीत काय, मराठीतही नीट सांगता आला नाही.

घरी धावत गेलो. उकड्या तांदळाचा भात आणला,
वर हुमणातला बांगडा.
इथे कोण अडवणार होतं?
त्याने ढुंकून पाहिलं नाही.
लंगडत गेला आणि जाळ्याच्या चिंधीत
तीन दिवसांचा सडलेला शेंगाळा होता,
तो फाडून फाडून खाल्ला.

सकाळी तो नव्हता.
वाळूत कुत्र्यांची पावलं होती,
आणि काही पडद्याची, पाण्याच्या दिशेने,
पण मी ती शेवटपर्यंत पाहिली नाहीत.
भात कावळ्यांनी संपवला होता,
कुणी काही कबूल न करता.